पर्यावरण, जमीन, पाणी या कायद्यांत वकील म्हणून करिअर होतं का? एलएलएम करू का?

होतं की. मी बारा वर्षं हेच करतेय, तेही तालुक्याच्या गावी. पण तुम्ही एलएलएमचं विचारलंय आणि मला गावनकाशाबद्दल बोलायचंय, कारण आमच्याकडे नकाशे-नोंदी शोधायच्या कामाला अजून कारकुनी म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

ज्युनियर होते तेव्हाची गोष्ट. मार्चमध्ये एका प्लॉटिंगवाल्याने मुरूम टाकून ओढा बुजवला, जुलैच्या पावसात वरच्या अंगाच्या पाच-सहा जणांच्या उसात पाणी तुंबलं, आणि ही माणसं ऑफिसात आली ती ऑगस्टच्या मध्यावर. आमचे सर म्हणाले, पुण्याला एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादात जाऊ, संविधानाचं कलम 21, जगण्याचा हक्क घेऊ, मोठी केस होईल. मी म्हटलं सर, मामलतदार कोर्ट कायदा 1906, कलम 5, शेताचं पाणी नैसर्गिक वाटेने जायला कोणी आडवं घातलं तर ते काढायला लावायचा अधिकार तहसीलदाराला आहे, फक्त दावा सहा महिन्यांच्या आत पाहिजे, म्हणजे आपल्याकडे जेमतेम महिना आहे. ते सगळ्यांसमोर म्हणाले, असली कारकुनी करायला लॉ केलंस का.

मग भूमी अभिलेखच्या खेपा मीच घातल्या. सातबाऱ्यावर ओढ्याचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे समोरचा छातीठोकपणे सांगत होता की इथे ओढा नव्हताच. जुन्या गावनकाशात मात्र दोन गटांच्या मधून ओढा स्पष्ट दाखवलेला, आणि खाजगी मालकी सिद्ध नसेल तर ओढ्या-नाल्यांचं पात्र महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे सरकारचं. नक्कल हातात यायला सतरा दिवस गेले, दावा मुदतीत पडला. तहसीलदार स्वतः चिखलात उतरून बघून गेले, भराव काढायचा हुकूम झाला, समोरचा रिव्हिजनला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला गेला, तिथेही हुकूम टिकला. पुढच्या पावसाळ्यात ओढा वाहिला, मी मुद्दाम बघायला गेले होते.

म्हणून स्पष्ट सांगते, ज्याला गावनकाशा आणि फेरफार वाचता येत नाही त्याने या केसेस घेऊच नयेत, एलएलएम असो नाहीतर पीएचडी.

एनजीटीला नावं ठेवत नाहीये हां. कारखान्याचं सांडपाणी नदीत सुटत असेल, 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचा प्रश्न असेल तर तिथेच जायचं. पण तिथेही एनजीटी कायद्याच्या कलम 14 ची मुदत सहाच महिने, वर फार तर 60 दिवस, आणि पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर 30 दिवस आणि वर 60. मुदत गेली की पक्षकार संपला, मग कलम 21 घेऊन काय करणार?

पैशाचं म्हणाल तर शेतकरी फी हप्त्याने देतात, उसाचं बिल आलं की. पहिली काही वर्षं माझं घर वाटप आणि वारस नोंदींच्या कामांवर चाललं. मुंबई-पुण्यात कंपन्यांची सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम), मंजुऱ्यांची कामं असतात, त्यात पैसा बराच जास्त, पण ते मी केलेलं नाही आणि तिथे एलएलएम कदाचित उपयोगी पडत असेल.

ते सर आता ओढ्याची केस आली की माझ्याकडे पाठवतात. त्या दिवशीच्या शब्दाबद्दल अजून काही बोललेले नाहीत, आणि मला तो अजून लागतो.