नवऱ्याच्या आजारात मैत्रिणीला जागा असावी का?

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या लग्नाला ११ वर्षे झाली. नववीपासूनची माझी एक मैत्रीण याच गावात राहते आणि दर रविवारी सकाळी आम्ही दोघी रंकाळ्याच्या काठाने फिरून येतो. सुरुवातीला ह्यांना तिचे फार कौतुक होते. 'तुझ्यापेक्षा तीच मला जास्त समजून घेते,' असे ते म्हणत. तीन वर्षांपूर्वी एकदा अडचणीच्या वेळी तिने ह्यांचा फोन उचलला नाही आणि त्या दिवसापासून ती 'घर फोडणारी' ठरली. मी फिरायला गेले की तासाभरात तीस-चाळीस फोन येतात. घरी परतल्यावर आधी आरडाओरडा होतो, मग ते रडून क्षमा मागतात. गेल्या दिवाळीनंतर मानसोपचारतज्ज्ञांनी 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' असे निदान केले. तेव्हापासून मी अंबाबाईच्या दर्शनाला जाते असे सांगून तिला भेटू लागले. गेल्या महिन्यात ते उघडकीस आले. 'आता तिला भेटलीस तर मला जिवंत पाहणार नाहीस,' असे ते म्हणाले. सासूबाई विचारतात, संसार मोठा की मैत्रीण? मी मैत्री तोडली तर घर खरोखर शांत होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही दिवस होईल, पण टिकणार नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की मैत्री तोडू नका. तोडायचेच असेल तर लपवणे तोडा.

या आजाराचे नाव थोडे फसवे आहे. अॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने १९३८ मध्ये 'बॉर्डरलाइन' हा शब्द अशा रुग्णांसाठी वापरला, जे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे सौम्य आणि तीव्र मनोविकारांच्या सीमेवर होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला १९८० मध्ये स्थान मिळाले. त्या पुस्तिकेच्या आजच्या आवृत्तीतील नऊ लक्षणांपैकी पहिलेच लक्षण तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते : आपल्याला कोणी सोडून जाईल या भीतीने, मग ती खरी असो वा कल्पनेतली, ते टाळण्यासाठी केलेली जिवापाड धडपड. दुसरे लक्षण म्हणजे माणसाला आधी डोक्यावर घेणे आणि एखाद्या दुखावणाऱ्या प्रसंगानंतर पार पायदळी तुडवणे. न उचललेल्या एका फोनने तुमची मैत्रीण 'समजून घेणारी'ची 'घर फोडणारी' झाली, त्यामागे तिचा अपराध नाही आणि तुमच्या पतीचा दुष्टपणाही नाही.

त्यांची भीती खरी आहे, पण त्या भीतीने काढलेला निष्कर्ष खरा नाही. रविवारी तुम्ही दाराबाहेर पडता तेव्हा त्यांना जे होते ते लहान मूल जत्रेत हरवल्यावर त्याला जे होते, त्याच्या जवळचे असावे. अशा वेळी तुम्ही घाबरून परत फिरलात की त्यांना तात्काळ सुटल्यासारखे वाटते आणि नेमकी तीच सुटका पुढच्या वेळी फोनची संख्या वाढवते. मैत्रीण गेली तरी भीती घरातच राहील. मग तिला तुमची बहीण, शाळेतली एखादी सहकारी, उशिरा संपलेली पालकसभा असे नवे कारण सापडेल. सासूबाईंचा प्रश्न मायेपोटी आला असेल, पण या दोहोंतून एक निवडायची वेळच आणू नये.

आता लपवण्याविषयी. 'ही मला सांगते एक आणि करते एक' हा त्यांचा सगळ्यात मोठा संशय तुमच्या दर्शनाच्या बहाण्याने एकदा खरा ठरला आहे. तुम्ही तसे का केले हे मी समजू शकते, आणि त्याबद्दल तुम्हाला दोष देणार नाही. तरीही पहिले पाऊल तुम्हीच उचलायला हवे. दोघेही शांत असाल अशा वेळी, उंबरठ्यावर उभे राहून नव्हे, खोटे बोलल्याची कबुली द्या आणि तेवढ्याचीच क्षमा मागा. मैत्रीची मागू नका. मग असे काहीसे सांगा : 'अहो, मी रविवारी साडेसहाला रंकाळ्यावर जाणार आणि आठला घरी येणार. त्या वेळात तुमचा जीव घाबरा होतो हे मला कळतं. पोहोचल्यावर एक मेसेज करीन, मध्ये फोन घेणार नाही, आणि आठला परत येईन.' त्यानंतर आठ म्हणजे आठ. या आजारात दहा मिनिटांचा उशीरसुद्धा पुरावा म्हणून जमा होतो. सुरुवातीचे काही रविवार आजच्यापेक्षाही कठीण जातील. तेव्हा विसाव्या फोनला तुम्ही उत्तर दिलेत, तर वीस फोन करावे लागतात एवढाच धडा त्यांना मिळेल.

मात्र जीव देण्याची भाषा या नियमात बसत नाही. तिला कधीही नाटक समजू नका. 'मरण्याचा विचार येतो आहे का?' असे थेट विचारा, त्यांना एकटे सोडू नका, औषधे कुलपात ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. त्या दिवशीचे फिरणे रद्द झाले तरी चालेल, पण पुढच्या रविवारी ठरल्याप्रमाणे जा. धमकीला उत्तर म्हणून उपचार वाढवा, मैत्री तोडू नका. पोलिसांच्या धास्तीने अनेक कुटुंबे असा प्रसंग दडपतात, म्हणून सांगते : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते.

तुम्ही लिहिलेले नाही, तरी विचारायला हवे : ते हात उगारतात का, फोन काढून घेतात का, कोंडून ठेवतात का? तसे असेल तर आजाराचे कारण पुढे करून सोसत राहू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही येतो, आणि महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

मैत्रिणीबाबत एक गोष्ट जरा स्पष्टच बोलते. तुमचा रविवारचा सगळा वेळ पतीविषयीच्या तक्रारींतच जात असेल, तर 'त्या दोघी माझ्याविषयीच बोलतात' हा त्यांचा समज अगदीच निराधार राहत नाही. मन मोकळे करायला तुम्हाला जागा हवीच; त्यासाठी स्वतःचा समुपदेशक शोधा, आणि रंकाळ्यावर तिच्या घरचे, शाळेतले, वाचलेले-पाहिलेले असे काही बोला. आजाराविषयी तिला किती सांगायचे, हे शक्यतो पतीला विचारून ठरवा. ती रागाने त्यांना जाब विचारायला घरी येणार असेल, तर तिला थांबवा.

हा आजार बरा होत नाही असे कोणी सांगितले असेल, तर ते मनावर घेऊ नका. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयाने अशा २९० रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. दहा वर्षांत त्यांतील ९३ टक्के जणांची लक्षणे किमान दोन वर्षे निदानाच्या पातळीखाली राहिली. नोकरी आणि नाती पुन्हा नीट उभी राहायला त्याहून अधिक वेळ लागतो आणि ते तितक्या जणांना साधत नाही, हेही त्याच अभ्यासाने दाखवले. केवळ गोळ्यांवर भिस्त ठेवू नका, कारण मुख्य उपचार बोलण्याचाच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, वर्तमानात मन स्थिर ठेवणे, असह्य क्षण निभावणे, भावना सांभाळणे आणि नात्यात नीट मागणे मांडणे अशी चार कौशल्ये शिकवते. तरुणपणी आपण स्वतः रुग्णालयात दाखल होतो आणि स्वतःला इजा करत होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. पतींना ही गोष्ट जरूर सांगा.

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला दोघेही जा. डीबीटी शिकलेले कोणी कोल्हापुरात आहे का, नसल्यास ऑनलाइन सत्रे घेता येतील का, हे विचारा. सोबत एका कागदावर गेल्या चार रविवारी किती वाजता काय घडले ते लिहून न्या, आणि साडेसहा ते आठ ही वेळ डॉक्टरांसमोरच ठरवा.