भर मोसमात फुटबॉल संघाचा कोच बदलावा का?

प्रश्न (मडगाव): चार सामने हरले की फातोर्डा स्टेडियमच्या गॅलरीतून ‘कोचला काढा’ सुरू होतं. काढल्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर: पडतो, पण वाटतो त्यापेक्षा कमी. डच लीगच्या 1986 ते 2004 या काळाचा अभ्यास झालेला आहे. कोच बदललेले संघ सावरले. तितकेच घसरूनही कोच न बदलणारे संघही जवळपास तसेच सावरले. कोचला काढण्याची वेळ येते तेव्हा संघ स्वतःच्या कुवतीच्याही खाली गेलेला असतो. तिथून तो बहुधा वर येतोच, श्रेय मात्र नव्या माणसाला मिळतं.

म्हणून गुणतक्त्याआधी शेवटचे आठ-दहा सामने पाहा. पेनल्टी वेगळ्या काढा (एका पेनल्टीमागे साधारण पाऊण गोल धरतात), रेड कार्डनंतरची मिनिटं वगळा आणि दोन्ही बाजूंच्या चांगल्या संधी मोजा. संधी बरोबरीच्या असून गोल होत नसतील तर थांबा. पण प्रतिस्पर्धी दर सामन्यात त्याच जागेतून, समजा फुलबॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) मागून, घुसत असेल आणि कोच काहीच बदलत नसेल, तर मोसम संपायची वाट पाहू नका.

प्रश्न (म्हापसा): एफसी गोवाने 2020 मध्ये कोच लोबेरांना काढलं, तरी शिल्ड (आयएसएलच्या साखळी फेरीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी) मिळालीच ना?

उत्तर: मिळाली, पण हे उदाहरण इथे लागू नाही. संघ धडपडत नव्हता, अव्वल स्थानासाठी झुंजत होता. उरलेले तीन साखळी सामने क्लबमधल्याच क्लिफर्ड मिरांडांकडे आले आणि त्यांनी चालू खेळाला धक्का लावला नाही. हैदराबादवर 4-1, मुंबईवर 5-2, जमशेदपूरवर 5-0. पुढे उपांत्य फेरीत चेन्नईयनकडून एकूण 5-6 अशी हार झाली, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.

तुमच्या प्रश्नाला मोहन बागानचं उदाहरण जास्त लागू पडतं. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी कोच फेरांडोंना दूर केलं आणि आधीच क्लबचे तांत्रिक संचालक असलेल्या हबास यांना आणलं. त्या मोसमाची शिल्ड त्यांनाच मिळाली. हेच फेरांडो डिसेंबर 2021 मध्ये गोवा सोडून तिकडे गेले होते, तेव्हा आपला संघ अकरात नववा आला. बदली माणूस तयार नसताना खुर्ची रिकामी झाली, तर मोसम हातचा जाऊ शकतो.

प्रश्न (फोंडा): परदेशी कोचला मध्येच काढलं तर क्लबला किती भुर्दंड?

उत्तर: आधी करार वाचा. भरपाईची रक्कम त्यात ठरलेली असेल तर ती. नसेल तर 1 जानेवारी 2021 पासूनच्या फिफा नियमांनुसार, सबळ कारणाशिवाय काढल्यास उरलेल्या कराराचा पगार द्यावा लागतो. करार मेअखेरपर्यंत आणि काढलं जानेवारीअखेरीस, तर चार महिन्यांचा. दरम्यान त्याला दुसरी नोकरी लागली तर तिथला पगार वजा होतो. पगार थकवून त्याला कंटाळवण्याची युक्ती करू नका: दोन महिन्यांचा पगार थकला की पंधरा दिवसांची नोटीस देऊन तो स्वतःच करार मोडू शकतो, वर भरपाईही मागू शकतो.

सहायक आणि फिटनेस कोच यांचे करार सहसा वेगळे असतात. तेही जाणार असतील तर तो खर्च आधीच धरा. आणि नव्या माणसाचं लायसन्स लीगला चालतं का, हे जुन्याला पत्र देण्याआधी तपासा, नंतर नव्हे.