दाट असणे आणि भरलेले असणे यांत फरक आहे

आपला प्रश्न असा की, कोणत्याही दोन परिमेय संख्यांच्या (म्हणजे अपूर्णांकाच्या रूपात लिहिता येणाऱ्या संख्यांच्या) मध्ये अनंत परिमेय संख्या असतील, तर संख्यारेषेवर इतरांसाठी जागा उरतेच कशी. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर याच मुद्द्यावरून माझा एका मित्राशी अंधार पडेपर्यंत वाद झाला होता.

पहिला भाग निर्विवाद आहे: दोन संख्यांची सरासरी काढली की मधली संख्या मिळते, आणि ही क्रिया कधीच संपत नाही. तरीही आमच्या सोप्यातली एक फूट बाजूची चौरस शहाबादी फरशी अचूक मानली, तर तिचा कर्ण √२ फूट भरतो आणि तो कोणत्याच अपूर्णांकाने नेमका सांगता येत नाही.

मित्र म्हणाला, "अशा फटी तुरळक असतील." इथेच तो चुकला. एक मीटरची पट्टी घ्या आणि ० ते १ मधले अपूर्णांक छेदाच्या क्रमाने रांगेत लावा: १/२, १/३, २/३, १/४, ३/४ आणि पुढे. पहिल्यावर अर्धा मिलिमीटर लांबीचा तुकडा चिकटवा, दुसऱ्यावर पाव, तिसऱ्यावर त्याच्या निम्मा. सगळे अपूर्णांक झाकले गेले, तरी तुकड्यांची एकूण लांबी एका मिलिमीटरच्या पुढे जात नाही. उरलेल्या किमान ९९९ मिलिमीटरांत एकही अपूर्णांक नाही, आणि तरीही तिथे सलग असा लहानसा पट्टाही सापडत नाही, हे मला आजही विलक्षण वाटते.

पट्टीवरील सर्व बिंदूंची मात्र अशी रांग लावताच येत नाही, हे गणितज्ञ गेऑर्ग कँटर यांनी १८७४ मध्ये सिद्ध केले.