तुझ्या गोगलगाईला मी अजून भेटलेले नाही

प्रिय मुली,

तुझं हस्तलिखित दोनदा वाचलं आणि पत्र चारदा. पत्र जास्त चांगलं उतरलंय, कारण त्यात तू स्वतः आहेस. राग मानू नकोस.

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी लिहिताना प्राण्यांना बोलू द्यावं की नाही, असं तू विचारलंयस. एक संपादक म्हणतात, प्राणी बोलले नाहीत तर मुलं पान उलटणार नाहीत. दुसरे म्हणतात, बोलणारा प्राणी अशास्त्रीय. या दोघांच्या ओढाताणीत तुझी गोगलगाय सहा महिने फायलीत पडून आहे.

अगं, तुझा प्रश्नच चुकलाय. प्राणी बोलेल की नाही ते मागाहून ठरव. तू तो पाहिलायस का, ते आधी सांग.

तुझी गोगलगाय हळू चालते, सगळे तिला हसतात, ती चिकाटी सोडत नाही आणि शेवटी शर्यत जिंकते. हीच गोष्ट गाढवाची होईल, उशिरा बोलायला लागलेल्या एखाद्या मुलाचीही होईल. गोगलगाईचं तिच्यात आहे काय? नाव आणि पाठीवरचा शंख, एवढंच. चित्रकारानं तिचे डोळे गालांवर काढलेत, वर लांब पापण्या. खरे डोळे असतात वरच्या दोन लांब शिंगांच्या टोकांवर. पण मी चित्रकाराला बोल लावणार नाही. तुझ्या मजकुरात डोळ्यांबद्दल चकार शब्द नाही, मग त्यानं ते शोधायचे कुठे?

पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. पत्रात आणखी दहादा हेच येईल, कंटाळलीस तरी वाच.

एक गोगलगाय हलकेच उचलून काचेच्या तुकड्यावर ठेव. ती शंखातून बाहेर येईपर्यंत हलू नकोस. मग काच डोळ्यांच्या वर धरून खालून बघ. तिच्या अंगाखालून गडद पट्टे सरकताना दिसतील, शेपटीकडून डोक्याकडे, एकामागून एक, पाण्यावरच्या लाटांसारखे. पाऊल उचलणं नाही, टाकणं नाही. सगळं पोट हाच पाय, आणि त्या पायातून लाटा पुढे जात राहतात. मागे उरते ती चिकट, चकचकीत रेघ. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ असं आपण वरून गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो. आणि प्राणिशास्त्रात या वर्गाचं नाव काय, तर उदरपाद. ज्यानं कुणी ती म्हण पहिल्यांदा वापरली त्यानं नीट पाहिलं होतं गं! तिच्या जिभेवर कानशीसारखे हजारो सूक्ष्म दात असतात, त्यांनी ती पान खरवडते. एवढं सगळं हाताशी असताना तू तिला शर्यतीत पळवलंस.

(नंतर हात साबणानं स्वच्छ धू.)

आता माझं ऐक. माझ्या पहिल्या पुस्तकात एक आंधळं वटवाघूळ होतं. सगळेच म्हणतात वटवाघूळ आंधळं असतं, म्हणून मीही लिहिलं. एका वाचनाच्या कार्यक्रमात सहा-सात वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “आमच्या झाडावर उलटी लटकतात, ती माझ्याकडे बघतात.” मी हसून म्हणाले, “तुला तसं वाटतं रे. त्यांना दिसत नाही.” तो खाली बसला. पुढे चकार शब्द बोलला नाही.

तोच बरोबर होता. वटवाघळाची कुठलीच जात आंधळी नसते. झाडांवर लटकणारी ती मोठी, फळं खाणारी वटवाघळं तर नजरेवर आणि वासावरच वावरतात. त्यानं पाहिलं होतं, मी पाहिलं नव्हतं, आणि छापील पुस्तक माझ्या हातात होतं म्हणून त्यानं स्वतःच्या डोळ्यांना खोटं मानलं. तो आता चांगला मोठा झाला असेल. त्याचा खाली जाणारा चेहरा मला अजून दिसतो. तुझ्या गोगलगाईच्या गालांवरच्या डोळ्यांवर मी एवढी का चिडले, ते कळलं ना?

बोलणाऱ्या प्राण्यांशी माझं वैर नाही. 1952 साली आलेल्या ‘शार्लट्स वेब’ या इंग्रजी बालकादंबरीतली कोळीण बोलते, एवढंच नाही, जाळ्यात शब्द विणते. पण तिचे लेखक ई. बी. व्हाइट यांनी आधी आपल्या शेतावरच्या गोठ्यात खऱ्या कोळिणीला न्याहाळलं होतं. तिची अंड्यांची पिशवी ते शहरातल्या घरी घेऊन गेले आणि पिल्लं बाहेर पडताना त्यांनी पाहिली. म्हणून त्यांची कोळीण भक्ष्याचं रक्त पिते हे सांगायला लाजत नाही, आणि अंडी घालून झाल्यावर मरते. इंग्रज लेखिका-चित्रकार बिअट्रिक्स पॉटर यांचा ससा, पीटर रॅबिट, निळा कोट घालतो, पण त्यांनी घरात ससे पाळून त्यांची किती रेखाटनं केली होती! कोट काढला तरी खाली ससाच उरतो. तुझ्या गोगलगाईचं बोलणं काढून घेतलं तर खाली काय उरेल, हे एकदा तपासून बघ.

शेवटी तात्पर्य घालावं का, हेही तू विचारलंयस. नको. मी कधी घातलं नाही. त्यापायी माझी तीन हस्तलिखितं परत आली आणि एका प्रकाशकानं नंतर माझे फोन उचलणंच सोडलं. आडमुठी आहे, असं लोक म्हणाले. असेन. थोडं नमतं घेतलं असतं तर ती तीन पुस्तकं आज मुलांच्या हातात असती, हा हिशेब मी पुष्कळ रात्री मांडलाय आणि प्रत्येक वेळी त्याच उत्तराशी आलेय. मुंगीकडे पाहताना ‘यातून मी काय शिकायचं’ असा विचार करणारं मूल मुंगीकडे पाहतच नाही, ते मोठ्यांच्या तोंडाकडे पाहतं. पॉटर यांचंही ते सशाचं पुस्तक प्रकाशकांनी परत केलं होतं. 1901 साली त्यांनी 250 प्रती स्वतःच्या पैशानं छापल्या. मला तेवढं धाडस झालं नाही, आणि तात्पर्य न घातल्याचा नव्हे, त्याचाच पश्चात्ताप होतो.

पानांची चिंता तूर्त करू नकोस. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं, त्यातली काही शीर्षकात आणि श्रेयनामावलीत जातात. तुझ्या वाट्याला येतील जेमतेम चाळीस-पन्नास वाक्यं. सध्या तुझ्याकडे न पाहिलेली दीडशे आहेत. पाहिलेली दहा झाली की मला पाठव.

त्याआधी एक छोटं पत्र हवंय. गोगलगाईच्या वरच्या शिंगाच्या टोकाला गवताची काडी अगदी हलकेच लाव. शिंग आखडून आत जाईल. त्यात आधी काय दिसेनासं होतं, डोळा की शिंगाचं बूड? आणि परत बाहेर येताना कसं उलगडतं? मला उत्तर माहीत आहे. पुस्तकात शोधू नकोस, मला ते तुझ्या शब्दांत हवंय.

तुझी,
मावशी