डब्लिनजवळचा पडका ‘हेलफायर क्लब’ नक्की कुणी बांधला? तिथे सैतान येऊन गेला, असं स्थानिक लोक का म्हणतात?

बांधला विल्यम कॉनोली याने, १७२५ च्या सुमारास, शिकारीला आल्यावर उतरायला. हा आयरिश संसदेचा सभापती आणि गडगंज श्रीमंत. मी डब्लिनच्या दक्षिणेला राहतो, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना ही वास्तू ज्या माँटपेलियर टेकडीवर आहे तिथे नेणं ठरलेलंच. आणि सगळ्यांना ऐकायची असते ती पत्त्यांची गोष्ट. वादळी रात्री एक अनोळखी माणूस येतो, डाव रंगतो, कुणाचं तरी पान खाली पडतं, ते उचलायला वाकावं तर टेबलाखाली पाहुण्याचे खूर! गोष्ट झकास आहे, पण वेक्सफर्डच्या लॉफ्टस हॉल या जुन्या वाड्याबद्दलही हीच सांगतात, म्हणून मी ती फारशी मनावर घेत नाही.

मला खरी या मातीतली वाटते ती छपराची गोष्ट. टेकडीच्या माथ्यावर दगडांची एक प्राचीन रास होती. कॉनोलीच्या माणसांनी तिचेच दगड फोडून बांधकामाला वापरले. थोड्याच काळात वादळ आलं आणि छप्पर उडून गेलं. लोक म्हणाले, सैतानाचं काम. रास उपसली ना, भोगा आता. (आपल्याकडे ‘राखणदार कोपला’ म्हणाले असते.) कॉनोली काही बधला नाही. त्याने दगडी कमानीचं छप्पर चढवलं, ते आजही शाबूत आहे. आत गेलात की मान वर करून बघा. तो स्वतः मात्र १७२९ मध्ये वारला.

२०१६ मध्ये तिथे उत्खनन झालं, तेव्हा ती रास म्हणजे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी कबर निघाली, आत जायला बोळ असलेली. म्हणजे सैतान बाजूला ठेवला, तरी मूळ तक्रार रास्तच होती.

आता नावाचं. डब्लिनच्या उमराव पोरांचा हेलफायर क्लब निघाला १७३५ च्या आसपास, कॉनोलीच्या पश्चात. त्यांचा अड्डा मुख्यतः शहरातली ईगल नावाची खानावळ. टेकडीवर बैठका भरत याला पुरावा तुटपुंजाच. गंमत म्हणजे कॉनोलीने ही जमीन ज्याच्याकडून घेतली त्या ड्यूक ऑफ व्हार्टननेच लंडनमध्ये या नावाचा पहिला क्लब काढला होता!

गेलात तर इमारतीच्या मागच्या बाजूलाही जा. गवतात त्या कबरीचा बुटका, गोलाकार उंचवटा दिसेल. बहुतेक जण त्याच्यावर बसून सँडविच खातात.