तारेचं कोटेशन आधी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच उडाली. शहापूरकडे वडिलांनी लावलेला साडेतीन एकर साग, आजूबाजूला आणखी सहा मालक, सगळे ऐरोली-ठाणे-डोंबिवलीत विखुरलेले, एकमेकांचे फोन नंबरसुद्धा नाहीत. या सगळ्यांना एकत्र आणायचंय, तर कोणते उपक्रम घ्यावेत, ग्रुपची नोंदणी करावी का, असं तुम्ही विचारलंय. इथवर ठीक. पण शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात की सुरुवात म्हणून सगळ्यांनी मिळून तारेचं कुंपण घालायचं ठरतंय आणि कोटेशनही मागवलंय. त्या एका ओळीसाठी हे लिहायला बसलेय.

आमची जमीन मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. मी राहते ठाण्यात, नौपाड्याला. सातबारा, फेरफार, हद्दकायम मोजणी, इतर हक्कात 'खाजगी वन' असा शेरा आहे की नाही, हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, वनखात्यातली नाही, बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. एका कोपऱ्यातला अनुभव आहे, शहापूरला काही गोष्टी वेगळ्या असतील.

आम्ही सात मालक, मिळून तेवीस एकर. साग आहेच, पण ऐन, धावडा, मोह, बोंडारा, करवंदीच्या जाळ्या असं मिश्र रान जास्त. २०१८ च्या पावसाळ्यात ग्रुप झाला. पहिले चार महिने अध्यक्ष कोण यात गेले, ते सोडा. मग दिवाळीनंतर सगळ्यांच्या मताने 'एकीचं पहिलं काम' म्हणून चार ओळींची काटेरी तार आणि सिमेंटचे खांब. तीन लाखांच्या आसपास खर्च आला. घाऊक घेतलं म्हणून स्वस्त पडलं याचाच केवढा आनंद! खांब रोवून झाल्यावर आम्ही तिथे ओळीने उभं राहून फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे, पण कुणाला दाखवत नाही.

आमच्या रानातून एक पायवाट जायची. खालच्या ठाकर आदिवासींच्या पाड्यावरून वर झऱ्याकडे, आणि झऱ्याच्या वर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे तिथे. नकाशावर ती वाट नव्हती. सातबाऱ्यावर नव्हती. म्हणून आमच्या हिशेबात ती नव्हतीच. तार मारणाऱ्या मिस्त्रीने मला विचारलं होतं, "ताई, इथं कवाड ठेवू का?" मी म्हटलं, नको, एकाला सोडलं की सगळेच घुसतील. ही माझी चूक, ग्रुपवर ढकलत नाही. त्यानंतर पाड्यावरच्या बायकांना हंडे घेऊन ओढ्याच्या बाजूने वळसा घालावा लागायचा. माघ-फाल्गुनात, खालची विहीर आटलेली असताना. आम्हाला हे कळलंही नाही, कारण आम्ही महिन्यातून एकदा जाणारी माणसं.

२०१९ चा मार्च, शिमग्याच्या आधीचा आठवडा. दुपारी अडीचला सरळगावच्या किराणावाल्याचा फोन, "ताई, तुमच्या रानाच्या अंगाला धूर दिसतोय." ठाण्याहून पोचायला सहा वाजले. तोवर वणवा वरच्या कड्यापर्यंत जाऊन विझला होता. त्या दिवसांत सागाची गळलेली पानं म्हणजे नुसते पापड, घोट्याएवढा थर असतो. मोठे साग बहुतेक तगले, सागाला तेवढं सोसतं. पण दहा वर्षांत आपोआप उगवून कमरेएवढी झालेली ऐन-जांभळाची रोपं, जुन्या बुंध्यांचे जपलेले फुटवे, आग्या मोहोळ, बाबांनी बांधलेली खोप, सगळं गेलं. पाण्याची काळी टाकी वितळून जमिनीला चिकटली होती. आणि पाड्यावरचं एकही माणूस आलं नव्हतं. पूर्वी बाबांच्या वेळी धूर दिसला की हिरव्या फांद्या घेऊन पंधरा-वीस जण धावत यायचे, हे मी लहानपणी पाहिलेलं.

आता खरी लाज वाटते ती गोष्ट. रागाच्या भरात आम्ही अर्ज लिहिला, 'पाड्यावरील काही इसमांनी आकसापोटी आग लावली असावी.' सात जणांच्या सह्या. माझी तिसरी. त्या अर्जावर कुणीतरी येऊन पाड्यावरच्या दोन पोरांना दिवसभर बसवून ठेवलं. महिन्याने आमच्यातलेच एक गृहस्थ मला तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून हळूच म्हणाले, की त्या दिवशी त्यांचा गडी कुंपणाखालच्या तोडलेल्या करवंदी भर दुपारी जाळत होता. म्हणजे आग आमच्याच तारेपासून निघाली होती.

अर्ज मागे घ्यायला गेलो तर त्यालाही अर्ज लागला. आणि जळून वाळलेल्या अकरा सागांचं काय करायचं, हा दुसरा अध्याय. साग, ऐन, मोह, खैर, आंबा, जांभूळ ही अनुसूचित झाडं, म्हणजे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली. आपल्या मालकीची असली, मेलेली असली तरी परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि लाकूड हलवायचं तर त्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवाना हवा. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, तो नसता तर तालुका कधीच उघडा पडला असता. तक्रार आहे ती एका कार्यालयाची, नाव घेत नाही. पहिल्या खेपेला म्हणाले पंचनामा नाही. पंचनामा कोण करणार, तर समोरच्या इमारतीतले. समोरचे म्हणाले, खाजगी जमीन, आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या खेपेला कोर्ट फी स्टँप नव्हता. चौथ्या खेपेला साहेब मीटिंगला. पाचव्या खेपेला कळलं की सातबाऱ्यावर चाळीस साग लिहिलेत आणि जागेवर साठाच्या वर उभे आहेत, 'मग जादाचे कुठून आले?' अहो, झाडं आहेत ती, उगवली! सातव्या खेपेला पावसाळा लागला होता आणि खोडांना भुंगा. तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून अक्षरशः रडले. शिपायाने पाणी दिलं, एवढीच त्या कार्यालयाची सेवा.

म्हणून मध्येच एक सल्ला देऊन टाकते. झाडांची नोंद आत्ताच, काही घडायच्या आधी नीट करून घ्या. आमच्या वेळी नव्हतं, २०२१ पासून ई-पीक पाहणीचं ॲप आहे. त्यात बांधावरची झाडं मोबाईलवरून फोटोसकट टाकता येतात. पण रानभर उभ्या सागाला तेवढं पुरत नाही, त्यासाठी तलाठ्याकडेच जावं लागतं. जाताना सातही मालकांनी एकाच दिवशी जा. एकट्याला उद्या या म्हणतात, सातांना खुर्ची देतात.

असो, फार बोलले.

त्या मे महिन्यात मी आणि ते गृहस्थ दोघंच पाड्यावर गेलो. बाकीच्यांना जमलं नाही. ज्या दोन पोरांना बसवून ठेवलं होतं त्यातल्या एकाची आजी ओट्यावर बसली होती. मी माफी मागितली, आणि मग न राहवून विचारलंच, की आग दिसली तरी कुणी आलं कसं नाही? ती म्हणाली, "याया वाट ठेवली व्हती का बाय?" त्यात टोमणा नव्हता, तिने खरंच विचारलं होतं. वणवा विझवायला फांद्या घेऊन चौघं निघालेही होते, तारेपाशी अडले आणि ओढ्याने वळसा घालेपर्यंत ज्वाळा वर गेल्या होत्या. हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दोन ठिकाणी तार कापली, बांबूची कवाडं केली, गुरं अडतील पण माणूस जाईल अशी. ग्रुपमधले दोघं यावरून बाहेर पडले. त्यातला एक दोन वर्षांनी परत आला.

तर 'उपक्रम' म्हणाल तर माझ्या मते पहिला हा, वाट मोकळी ठेवण्याचा, आणि त्याला पैसे लागत नाहीत. दुसरा जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेला पट्टा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्याच्या आत रेषा झाली पाहिजे. आमची तारीख ठरते मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेवरून. पौष पौर्णिमेला जत्रा सुरू होते, त्या दिवसांत पाड्यावर कुणी भेटत नाही, म्हणून जत्रा उलगडल्यावरचा रविवार. मालक, त्यांची मुलं-सुना आणि पाड्यावरचे मिळून वीसेक जण. हद्दीने दहा फूट पट्टा साफ करायचा, झुडुपं कोयत्याने, पाला दंताळ्याने ओढून. आता वर्गणी काढून पाठीवरचा पेट्रोलचा ब्लोअर घेतलाय, पानं उडवायला उत्तम, पण तो कुणी वापरायचा यावरून भांडणं होतात. पाड्यावरच्यांना हजेरी रोख द्या. 'श्रमदान' हा शब्द आपल्यासाठी ठेवा, ज्यांचा दिवस बुडतो त्यांच्यासाठी नाही. जेवण मात्र एकाच पंगतीत, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, सुकट. आमच्यातल्या एका काकूंनी पहिल्या वर्षी स्वतःचा डबा वेगळा आणला होता. दुसऱ्या वर्षी नाही आणला.

कपड्यांचं लक्षात ठेवा, त्या दिवशी आणि वणव्याच्या वेळीही. सुतीच घाला. ट्रॅक पँट, नायलॉनचं जॅकेट अंगावर वितळतं. आग झोडपायला ऐनाची किंवा करंजाची ओली फांदी बरी. वाऱ्याच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, आणि आग चढावर धावते, म्हणून तिच्या वर कधीच थांबायचं नाही. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, ती सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून दिसलेल्या आगीचे एसएमएस पाठवते, त्यासाठी कुणालाही नोंदणी करता येते. पण आमच्याकडे मेसेजच्या आधी पाड्यावरून फोन येतो.

दिवाळीनंतरचं वाळकं गवत हाही मोठा प्रश्न. आम्ही पूर्वी ते व्यापाऱ्याला विकायचो, तबेल्यांकडे जायचं. यायला उशीर झाला की तसंच उभं राहायचं, म्हणजे वणव्याला सरपणच. आता पाड्यावरचे कापतात आणि नेतात, आम्ही एक पैसा घेत नाही. वर्षाला थोडं उत्पन्न बुडतं. माझ्या मते रानाचा यापेक्षा स्वस्त विमा नाही, पण ग्रुपमध्ये यावर एकमत नाही, हेही सांगून ठेवते.

वसुबारसेच्या दिवशी पाड्यावरच्यांची वाघबारस, म्हणजे वाघोबाची पूजा असते. २०१९ ला कवाडातून पहिल्यांदा त्यांच्यासोबत वर गेलो. आपण काही करायचं नसतं, नारळ न्यायचा आणि मागे उभं राहायचं. स्पीकर, बॅनर, ग्रुपच्या नावाचा टी-शर्ट नको. आमच्यातल्या एकाने टी-शर्टची ऑर्डर देऊन ठेवली होती, मी रद्द करायला लावली.

जूनच्या सुरुवातीला पाड्यावरच्या दोघी शेवळं ही रानभाजी घेऊन ठाण्यात येतात, सोबत तिची खाज मारायला काकडाची फळं. माझ्या सोसायटीत आधीच ऑर्डर घेऊन ठेवते, त्यांना जांभळी नाक्यावर दिवसभर बसावं लागत नाही. याला उपक्रम म्हणायचं का, माहीत नाही.

जुलैत वृक्षारोपणाचा आग्रह होईल, फोटो चांगले येतात. रानात रोपं लावायची गरज बहुतेक नसते. जुन्या बुंध्यांना फुटवे येतात, त्यातला एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढले आणि आग, गुरं आवरली की रान स्वतः उभं राहतं. आणि काजव्यांच्या दिवसांत तिकीट लावून लोक आणायची कल्पना कुणी काढलीच तर तिथल्या तिथे मारा. मोबाईलच्या बॅटऱ्या आणि गाड्यांचे दिवे आले की काजवे गेले. आपल्याच घरची आठ-दहा माणसं अंधारात गप्प बसली तर चालतं.

नोंदणीबद्दल विचारलंय. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सदस्य लागतात, तुम्ही सातच आहात, म्हणजे मोह होणारच. तीन जाळरेषा एकत्र करून झाल्याशिवाय करू नका. नोंदणी केली की मग दरवर्षी हिशेब, ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, आणि पुन्हा अध्यक्ष कोण. आमची अजून नाही. एक वही आहे, तीत वर्गणी आणि खर्च, ती पाड्यावर असते.

तुमच्या रानातून कुठली वाट जाते, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा माहीतही नसेल. मलाही नव्हतं. तार मारणाऱ्याला पुढच्या महिन्यावर टाका. शनिवारी आसनगावला उतरा, उजेडात आपल्या रानात एकदा फिरून वाट कुठे मळलेली दिसते ते बघा, आणि दिवे लागायच्या वेळी पाड्यावर जा. सकाळी कुणी भेटत नाही, सगळे कामावर. साखर-चहापत्ती न्या, पेढे नकोत. ग्रुपमधला निदान एक जण सोबत घ्या, आणि झऱ्याला कोण जातं, कधीपासून जातं, एवढंच विचारा. कुंपणाचा विषय त्या दिवशी काढू नका.