‘लायब्ररी काढली’ म्हणजे नक्की काय केलं?

प्रश्न असा आला आहे: “लिनक्सवरच्या एका मार्गदर्शिकेचं मराठी करतोय. सोर्स कोडपासून हाताने बसवलेल्या लायब्ररी अनइन्स्टॉल कशा करायच्या, असा एक भाग त्यात आहे. तिथे ‘विस्थापित करणे’ चालेल का? ‘काढणे’ फार घरगुती वाटतं.”

(इथे लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, आणि सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर.) ‘विस्थापित’ नको, हे आधी सांगून टाकतो. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात खोट नाही. वियोग, विसंगत यांत जो ‘वि’ आहे तोच इथे. पण मराठीत हा शब्द रिकामा राहिलेला नाही. कोयना, उजनी झाली तेव्हा ज्यांची गावं पाण्याखाली गेली, ती माणसं विस्थापित. त्यांना उठवलं, पण ती नाहीशी झाली नाहीत, दुसरीकडे जाऊन राहिली. त्यामुळे एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवलेल्या फाइलला फार तर विस्थापित म्हणता येईल. शिवाय त्याचा जोडीदार ‘स्थापित करा’ हा हिंदी पडद्यांवरून आपल्याकडे आलेला पाहुणा. आपल्याकडे स्थापना होते ती गणपतीची, नाहीतर संस्थेची. पंखा, नळ, मोटर, फरशी, दात आपण बसवतो, आणि सॉफ्टवेअरही बसवतोच.

बसवलेल्याच्या उलट काय, इथे मात्र गंमत आहे. पंगत बसते आणि उठते. घट बसतात आणि उठतात. पण बसवलेला नळ कोणी उठवत नाही, तो काढतात. पंखा काढतात किंवा उतरवतात. तेव्हा ‘काढणे’ घरगुती असलं तरी कारागिराच्या तोंडचं आहे, आणि मार्गदर्शिका कारागिरासाठीच असते.

तुम्हाला वाटतं ती अडचण ‘काढणे’ला नाही, दुसरीच आहे. 1880 साली चिपळूणकर-टिळकांनी पुण्यात शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी ‘केसरी’ काढला. यात कोणी काही पुसून टाकलं असं कुणाच्या मनातही येत नाही. दुकान काढणे, कंपनी काढणे, कर्ज काढणे, चित्र काढणे, भांडण काढणे: नव्हतं ते उभं करणे हा या क्रियापदाचा अर्धा संसार आहे. उरलेल्या अर्ध्यात काटा काढणे, सदरा काढणे, नोकरीवरून काढणे. एकदा कामावर मी सहज म्हणालो, “ती जुनी इमेजवाली लायब्ररी मी काल काढली.” शेजारचा बिचारा दिवसभर तिची नवी आवृत्ती कुठे ठेवली आहे ते शोधत होता. त्याला वाटलं, मी नवीन काढली!

मराठीने यावर उपाय करून ठेवला आहे, तो म्हणजे जोडीचं दुसरं क्रियापद. काढून टाकणे, काढून ठेवणे, काढून घेणे. ‘काढून टाकली’ म्हटलं की शाळा काढल्याचा अर्थ एका झटक्यात गळतो. ‘काढून ठेवली’ म्हणजे बाजूला आहे, लागली तर परत मिळेल. म्हणून अनइन्स्टॉलला साधं ‘काढणे’ न लिहिता दर वेळी ‘काढून टाकणे’ लिहा. तीन अक्षरं जास्त पडतील, पडू देत.

पण तुमचा विषय सोर्सपासून बसवलेल्या लायब्ररींचा आहे, आणि तिथे एकाच शब्दावर भागत नाही. उबुंटूसारख्या लिनक्समधल्या ॲप्ट या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाने एखादं पॅकेज, म्हणजे तयार बांधलेलं सॉफ्टवेअर, बसवलं की कोणती फाइल कुठे गेली याची नोंद यंत्रणेकडे राहते, त्यामुळे काढायला एक आज्ञा पुरते. सोर्सपासून बांधलेलं (बिल्ड केलेलं) सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ‘मेक इन्स्टॉल’ या आज्ञेचं तसं नाही. ते फाइली उचलतं आणि बहुधा यूएसआर-लोकल या फोल्डराखाली वाटून टाकतं: लायब्ररी लिबमध्ये, हेडर (लायब्ररीत काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइली) इन्क्लूडमध्ये, चालवायचे प्रोग्राम बिनमध्ये, माहितीपत्रकं शेअरमध्ये. ॲप्टला याचा पत्ताही नसतो. प्रकल्प लिहिणाऱ्याने मेकफाइलीत, म्हणजे मेकच्या सूचनांच्या फाइलीत, काढण्याचा उलट पाढा लिहून ठेवला असेल तर ‘मेक अनइन्स्टॉल’ चालतं. मेकफाइल तयार करून देणारी साधनं असतात. त्यांपैकी ऑटोमेक तो आपोआप लिहितं. सीमेक स्वतःहून लिहीत नाही. ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीसारख्या प्रकल्पांनी तो आपल्या हाताने घातला आहे. मात्र सीमेक एक उपकार करतं. बांधणीच्या फोल्डरात ‘इन्स्टॉल मॅनिफेस्ट’ नावाची टेक्स्ट फाइल सोडतं आणि तिच्यात शेवटच्या वेळी बसवलेल्या प्रत्येक फाइलीचा पूर्ण पत्ता एकेका ओळीवर लिहिलेला असतो.

ही यादी समोर ठेवून एकेक फाइल काढायची, या कामाला मराठीत नेमकं क्रियापद आहे: वेचून काढणे. तांदळातले खडे काढतो तसं. खडे वेचताना ताट फेकून देत नाही, तसंच यूएसआर-लोकलमध्ये दुसऱ्या कुणाच्याही फाइली असू शकतात, त्यांना धक्का लागता कामा नये. ही सावधगिरी ‘विस्थापित’मधून कधीच ऐकू आली नसती.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘उडवणे’. कट्ट्यावर सगळे हेच म्हणतात: “ते ॲप उडव.” पण उडवण्यात एक बेपर्वाई आहे, आणि त्याचं अकर्मक रूप तर अपघाताचंच: “फोटो उडाले.” फोल्डरच्या फोल्डर आरएम या पुसणाऱ्या आज्ञेने साफ करण्याला हा शब्द शोभतो. मार्गदर्शिकेत मी तो फक्त ‘असं करू नका’ या वाक्यात वापरेन.

आणि ‘मेक क्लीन’ला ‘काढून टाकणे’ म्हणू नका. ती आज्ञा बांधणीच्या फोल्डरातला पसारा आवरते, बसवलेल्या लायब्ररीला हात लावत नाही. ओटा पुसला म्हणून वाढलेली ताटं उचलली जात नाहीत. तिथे ‘आवरणे’ किंवा ‘साफ करणे’ लिहा. निम्मे नवशिके इथेच फसतात. क्लीन चालवतात, निर्धास्त होतात आणि जुनी लायब्ररी जागची हलत नाही.

अजून एक जागा आहे. लायब्ररीची खरी फाइल एक असते आणि तिच्याकडे बोट दाखवणारी नावं आणखी एक-दोन असतात. हाताने काढताना खरी फाइल गेली आणि नावं राहिली, तर दुकान गेलं आणि पाटी राहिली अशी गत होते. शिवाय कोणती लायब्ररी कुठे सापडेल याची एक तयार यादी यंत्रणा जवळ बाळगते. सगळं काढून झाल्यावर ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा चालवली की ती यादी नव्याने बनते. याला काय म्हणायचं? कॅशे, रिफ्रेश वगैरे शब्दांत शिरण्याआधी तलाठ्याकडे जा. सातबाऱ्यावरचं नाव ‘कमी करतात’, रेशन कार्डावरचंही. ‘काढलेल्या लायब्ररीची नोंद कमी करा’ हे वाक्य महाराष्ट्रात कुणालाही समजेल.

यादीही नाही आणि बांधणीचं फोल्डरही केव्हाच गेलं, असं झालं तर? तीच आवृत्ती पुन्हा उतरवून, तेच पर्याय देऊन बांधायची आणि एखाद्या रिकाम्या फोल्डरात बसवायची. जे जे तिथे पडेल तीच यादी, मग खरं वेचायला बसायचं. इथे ‘उतरवणे’ हा शब्द मी डाउनलोडसाठी वापरला, म्हणूनच तो काढण्यासाठी घेऊ नये. नाहीतर पंखेवाल्याची भाषा आणि इंटरनेटची भाषा एकाच परिच्छेदात एकमेकींच्या पायात येतील.

‘मॅन्युअली’ला ‘व्यक्तिचलितपणे’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. व्यक्तीने चालवायला ती काय सायकल आहे? ‘हाताने बसवलेली’ हे तुम्ही प्रश्नातच लिहिलं आहे, तेच ठेवा. सोर्स कोडला सोर्स कोडच म्हणा. पण ‘स्रोत’ लिहायचाच असेल तर ‘स्त्रोत’ नको. मूळ धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे, त्यात ‘त’ आधी येतच नाही. ‘स्त्री’च्या सवयीने हात तिकडे वळतो.

लायब्ररीला ‘ग्रंथालय’ करू नका, हे सांगायला नकोच. मात्र तिला मराठीत पुरतं नांदू द्या. बॅटरीच्या बॅटऱ्या, डायरीच्या डायऱ्या, लॉटरीच्या लॉटऱ्या होतात, मग या लायब्रऱ्या. प्रश्नात तुम्ही ‘बसवलेल्या लायब्ररी’ लिहिलंत, वर मीही एकदा सवयीने तेच लिहून गेलो. तुमच्या शीर्षकात ‘हाताने बसवलेल्या लायब्रऱ्या काढून टाकणे’ असं असू द्या.